माथ्यावरचे ओझे आणि यंत्राची चाके



यंत्र आणि माणूस यांच्या नात्याचा विचार करण्यास औंधइतके उचित स्थान क्वचितच सापडेल. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातील आपला कारखाना हलवावा लागला, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्थानकाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ त्यांनी दिला, बिनव्याजी दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तेथून लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचला. याच संस्थानाने 1939 साली राज्यकारभार ग्रामपंचायतींच्या हाती सोपविणारी घटना स्वीकारली. तिच्या घडणीत यंत्रांच्या हव्यासाविषयी सदैव सावध असणाऱ्या गांधीजींचे मार्गदर्शन होते. यंत्राला आणि यंत्राविषयीच्या सावधपणाला एकाच लहानशा संस्थानात आश्रय मिळाला. हा दुहेरी वारसा आज एका नव्या प्रश्नापुढे उभा आहे. तो प्रश्न म्हणजे गोदामात माल वाहून नेणारे यंत्रमानव.

या प्रश्नाशी सातारा जिल्ह्याचा संबंध जवळचा आहे. पाऊस नाही आणि शेत पिकत नाही, म्हणून माण-खटावच्या माळावरून आणि पाटण-जावळीच्या डोंगरातून माणसे मुंबईस गेली. मस्जिद बंदरच्या वखारींत आणि पुढे वाशीच्या बाजारात त्यांनी पोती वाहिली. माथ्यावर ओझे वाहणारा तो माथाडी. पाटण तालुक्याचे सुपुत्र अण्णासाहेब पाटील यांनी या विखुरलेल्या कष्टकऱ्यांना संघटित केले आणि त्यातून 1969 चा माथाडी कायदा साकार झाला. आज या व्यापाऱ्याकडे तर उद्या त्या व्यापाऱ्याकडे राबणाऱ्या हमालास कायमचा मालक नसतो. म्हणून कायद्याने मंडळे स्थापन केली. तेथे कामगाराची नोंद होते. मालक मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मंडळात भरतो, आणि त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, औषधोपचार यांची तरतूद होते. असंघटित श्रमिकास प्रतिष्ठा देणारी अशी व्यवस्था देशात विरळाच.

आता गोदामच बदलत आहे. मालाची वखार आणि किरकोळ दुकान यांच्यामध्ये मोठमोठी वितरण केंद्रे आली. एके काळी यंत्रमागांसाठी प्रसिद्ध असलेली भिवंडी आज गोदामांसाठी ओळखली जाते. अशा केंद्रात कामगाराचा बराच वेळ वस्तू उचलण्यात न जाता वस्तूपर्यंत चालत जाण्यात खर्च होतो. अमेरिकेत 2003 साली स्थापन झालेल्या किवा सिस्टिम्सने हा क्रम उलटा केला. माणसाने फडताळाकडे जाण्याऐवजी फडताळच माणसाकडे येऊ लागले. बुटका, चपटा यंत्रमानव फडताळाखाली शिरतो, ते जमिनीपासून थोडे उचलतो आणि एका जागी उभ्या असलेल्या कामगारापुढे आणून ठेवतो. जमिनीवर ठराविक अंतरावर चिकटवलेल्या चौकोनी खुणा त्याचा कॅमेरा वाचतो. कोणी कोणत्या वाटेने जायचे, हे मध्यवर्ती संगणक ठरवतो. त्यापुढच्या पिढीतील यंत्रमानव लेझर किरणांच्या साहाय्याने परिसराचा नकाशा स्वतःच तयार करतात आणि वाटेत अडथळा आला तर वळसा घालून जातात. 2012 मध्ये अॅमेझॉनने किवा ही कंपनी सुमारे 77 कोटी 50 लाख डॉलर्सना विकत घेतली. 2025 साली त्या कंपनीच्या केंद्रांतील यंत्रमानवांची संख्या दहा लाखांवर पोहोचली.

समाधानाची गोष्ट अशी की या क्षेत्रात भारत केवळ गिऱ्हाईक राहिलेला नाही. 2011 साली भारतीय तरुणांनी स्थापन केलेल्या ग्रेऑरेंजने गोदामातील यंत्रमानव घडविले. 2016 साली नोएडात सुरू झालेल्या अॅडव्हर्बमध्ये रिलायन्स रिटेलने 2022 मध्ये बहुसंख्य भागभांडवल घेतले. पुण्याची अनबॉक्स रोबोटिक्स पार्सलांची वर्गवारी करणारे यंत्रमानव बनवते. किर्लोस्करवाडीच्या माळावर जे बीज रुजले, त्याच वृत्तीची ही नवी पालवी होय.

तरीही एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. यंत्रमानवाला सपाट जमीन लागते आणि ठराविक मापाची खोकी लागतात. कांद्याच्या गोणी, गुळाच्या ढेपा, ओबडधोबड मालाने भरलेला ट्रक यांपुढे तो अजून अडखळतो. त्यामुळे हमालाचे काम एका रात्रीत संपणार नाही. परंतु जे काम सरळ, सुटसुटीत आणि बारमाही आहे ते यंत्राकडे जाईल, आणि अवघड, अनियमित तेवढे माणसाच्या वाट्यास उरेल. अमेरिकेतील अनुभवही बोलका आहे. यंत्रमानव आले, कामगाराची पायपीट संपली. पण एका जागी उभे राहून यंत्राच्या वेगाशी हात जुळवताना दुखापती वाढल्याच्या तक्रारी पुढे आल्या. पायांचे कष्ट गेले, ते मनगटात आणि खांद्यात शिरले.

याहून गंभीर बाब मंडळाच्या निधीची आहे. लेव्ही मजुरीवर आकारली जाते. मजुरी घटली की लेव्ही घटते. आयुष्यभर ओझी वाहून पाठ मोडलेल्या वृद्ध हमालाच्या उपचारांचा आधारच त्यामुळे क्षीण होईल. यास्तव गोदामातून हलविलेल्या मालाच्या वजनावर कल्याण निधीचा वाटा ठरविण्याचा विचार व्हावा. मग तो माल माणसाने वाहो अथवा यंत्राने. यंत्रामुळे जी बचत होते तिचा लहानसा हिस्सा ज्यांच्या पाठीवर हा व्यापार उभा राहिला त्यांना मिळणे हा न्यायच आहे. दुसरे असे की, यंत्रमानवांची देखभाल, विद्युतघटांची निगा, वाटांची आखणी या कामांत नोंदणीकृत माथाडींच्या मुलामुलींना प्रथम संधी असावी. सातारा-सांगलीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी तसा अभ्यासक्रम हाती घेतल्यास दुष्काळी गावातील तरुणाच्या हाती पोत्याऐवजी पाना येईल.

माणसाने शंभर किलोचे पोते पाठीवर घ्यावे, यात कोणताही पुरुषार्थ नाही. तो भार यंत्राने खुशाल उचलावा. मात्र ओझ्याबरोबर भाकरीही उचलून नेली, तर ती प्रगती म्हणता येणार नाही. बाळासाहेबांनी माळ दिला तो यंत्रासाठी. पण त्या माळावर कामगारांची घरे, शाळा आणि आख्खे गाव वसले. यंत्र आणताना त्याच्याभोवती माणसांची वस्तीही उभारायची असते, ही औंधची शिकवण आहे. नव्या गोदामांचे आराखडे आखणाऱ्यांनी ती ध्यानी ठेवावी.