आरशात पाहून काढलेला तारा

माणूस असा का वागतो, याचं उत्तर मेंदू, संप्रेरकं आणि जनुकं यांत शोधणं, हा मानसशास्त्रातला जैविक दृष्टिकोन. त्याचं बळ मला सर्वात जास्त जाणवतं ते हेन्री मोलेसन या अमेरिकन माणसाच्या हकिकतीत.

हेन्रीला वारंवार फिट यायच्या, औषधांचा उपयोग होईना. १९५३ साली, तो २७ वर्षांचा असताना, डॉ. विल्यम स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा काही भाग काढला. त्यात हिप्पोकॅम्पस नावाच्या मेंदूतल्या अवयवाचा बराच भाग गेला. फिट कमी झाल्या, बुद्धी शाबूत राहिली. पण नवी आठवण टिकेना. नुकतीच भेटून गेलेली व्यक्ती परत आली, की ती त्याला अनोळखीच!

मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला एक काम दिलं. ताऱ्याच्या दुहेरी आकृतीतल्या अरुंद पट्टीतून पेन्सिल फिरवायची, आणि हात बघायचा तो फक्त आरशात. पहिल्या दिवशी पेन्सिल सारखी रेषेबाहेर जायची. तिसऱ्या दिवशी हात सफाईनं फिरला. हेन्रीला मात्र हे काम आपण पूर्वी केल्याचं आठवतच नव्हतं. म्हणजे घटना जपणारी यंत्रणा वेगळी, हाताला वळण लावणारी वेगळी.

मेंदूवर सगळंच ढकलता येत नाही. संगोपन, परिस्थिती यांचाही वाटा मोठाच. पण मेंदूचा वाटा उलगडायला या एका माणसानं मोठी मदत केली; आयुष्यभर संशोधकांना मनापासून साथ दिली. २००८ साली तो वारला. पुढं सॅन दिएगोत त्याच्या मेंदूचे २४०१ पातळ काप करून ते अभ्यासासाठी जपण्यात आले.