परसातली लवंगी आणि गच्चीवरचे भूत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर वर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरच्या कोणा विदुषीला बोलावतो. यंदा कार्यवाहबाईंनी ठरवले, की आपल्यातल्याच एकीने आपल्याला काय येते ते सांगावे. माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "तुम्ही मिरचीवर बोला." मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवी. मी काय बोलणार?" तर म्हणाल्या, "मिरचीला कुठे शाळा लागते?" तेव्हा चुकलेमाकले सांभाळून घ्यावे, एवढीच विनंती.

माझे माहेर भोर तालुक्यातले. आमच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर लवंगी मिरचीचे एक झुडूप होते. ते कोणी लावले, हे कोणालाच ठाऊक नव्हते. आई आमटीत दोन मिरच्या चुरडून टाकी, आणि तेवढ्यात घरातली आठ माणसे नाके पुसत जेवत. लग्न होऊन पुण्यात कसबा पेठेतल्या वाड्यात आले, तेव्हा येताना त्या झुडपाच्या बिया पदराच्या गाठीत बांधून आणल्या होत्या. वाड्यात आमच्या वाट्याला दोन खोल्या, त्यामुळे खिडकीत एका पत्र्याच्या डब्यातच ती लवंगी वाढली. पुढे वाडा पाडून इमारत झाली. वाड्याचे दुःख सगळ्यांना झाले. मला मात्र गच्ची मिळाली, हे खरे सांगून टाकते.

२०१९ साली माझे धाकटे दीर रजेवर आले. ते सैन्यात आहेत आणि तेव्हा नागालँडात दिमापूरला होते. त्यांनी एका डबीत, कागदाच्या तीन पुड्यांत गुंडाळून चार वाळलेल्या मिरच्या आणल्या. सासूबाई म्हणाल्या, "एवढ्या लांबून आलास आणि मिरच्याच आणल्यास?" भाऊजी हसून म्हणाले, "वहिनी, ही भूत मिरची. हात लावाल तर जपून." मी मनात म्हटले, लवंगीवर वाढलेली मुलगी मी, मला काय सांगता! हा ताठा मला पुढे महागात पडला. ते सांगतेच, आधी ही मिरची काय आहे ते ऐका.

आसामात तिला भूत जोलोकिया म्हणतात. जोलोकिया म्हणजे मिरची. 'भूत' म्हणजे भुताखेतातले भूत असे काही म्हणतात, तर काही त्याचा संबंध भूतान देशाशी जोडतात. नागालँडात तीच नागा मिरची. तिला २००८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे आपल्या विदर्भातल्या भिवापूरच्या मिरचीला आहे तसेच. आपली नेहमीची हिरवी मिरची आणि ही, या जाती वेगळ्या. हिच्या शास्त्रीय नावात चीन आहे, पण चीनचा हिच्याशी काही संबंध नाही. नाव ठेवणाऱ्याची चूक झाली. मुळात मिरची म्हणून जेवढी आहे तेवढी सगळी अमेरिका खंडातली. पोर्तुगीज ती आपल्याकडे घेऊन आले. त्याआधी आपल्या स्वयंपाकात तिखटपणा यायचा तो मिऱ्यांचा, आणि मिऱ्यांवरूनच 'मिरची' हे नाव पडले.

तिखटाचे माप काढण्याची युक्ती १९१२ साली अमेरिकेतल्या स्कोव्हिल नावाच्या औषधशास्त्रज्ञाने काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचे आणि चाखणाऱ्याला तिखट लागेनासे होईपर्यंत किती पाणी लागले ते मोजायचे. आता यंत्राने मोजतात, पण नाव त्यांचेच राहिले. या मापाने भूत जोलोकियाचा आकडा दहा लाखांच्या वर गेला, आणि २००७ साली जगातली सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनेस बुकात तिची नोंद झाली. पुढे परदेशी बागाईतदारांनी कलमे-संकर करून तिला मागे टाकले. २०२३ साली अमेरिकेतल्या 'पेपर एक्स' या मिरचीची सव्वीस लाखांच्या वर नोंद झाली. हे सगळे माझ्या मुलीने मला वाचून दाखवले. मला मात्र यात फार गोडी नाही. एवढे तिखट करून खाणार कोण?

आता लागवड. मैत्रिणींनो, ही मिरची लवंगीसारखी गरीब नाही. जानेवारीत एम्प्रेस बागेतले पुष्पप्रदर्शन पाहून आले आणि त्या उत्साहात बिया पेरल्या. महिना झाला, एक कोंब नाही. माझी समजूत झाली की बियाच मेल्या. पण दोष माझाच होता. पुण्यात जानेवारीच्या रात्री थंड, आणि या बीला पंचवीस-तीस अंशांची ऊब लागते. मार्च २०२० मध्ये पुन्हा पेरल्या. या वेळी वाटीत ओल्या फडक्यात बिया ठेवल्या आणि वाटी फ्रीजच्या माथ्यावर ठेवली, कारण तिथे थोडी ऊब असते. तेवढ्यात टाळेबंदी लागली. कोणी कोणाकडे जायचे नाही, यायचे नाही. घरातली सगळी माणसे दिवसभर घरात, आणि मी सकाळ-संध्याकाळ त्या वाटीत डोकावते आहे. सतराव्या दिवशी पहिला कोंब दिसला. खोटे वाटेल, पण मी सगळ्यांना हाका मारून तो दाखवला.

रोपे चार बोटांची झाली की वेगळी करायची आणि मग मोठ्या कुंडीत लावायची. मी रंगाचे रिकामे मोठे डबे घेते आणि तळाला भोके पाडते. निम्मी लाल माती, उरलेल्यात शेणखत आणि थोडा नारळाचा भुसा. पाणी बेताचे. रोप लहान असताना पाण्याचा लाड केला की ते बुंध्याशी काळे पडून आडवे होते. माझी तीन रोपे अशी गेली. फळाची मात्र घाई करू नये. मार्चात पेरलेल्या रोपावर पहिली मिरची पिकून लाल झाली ती नवरात्रात. लवंगीने तेवढ्यात मला दोन तोडे दिले होते.

दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये झाड फुलांनी भरले आणि मेमध्ये सगळी फुले गळून पडली. एकही मिरची धरली नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, तेवढ्या उन्हात फूल टिकत नाही. तेव्हापासून उन्हाळ्यात दुपारपुरती हिरवी जाळी बांधते आणि खरी भिस्त पावसाळ्यावर ठेवते. मृगाचा पाऊस झाला की झाड आपणहून फळे धरते. छाटणी केली तर एकच झाड दोन-तीन वर्षे चालते.

रोगांत मोठा म्हणजे बोकड्या. पाने आक्रसून चुरगळल्यासारखी होतात. त्यात पाहायचे असे, की पानाच्या कडा वर वळल्या तर बहुधा फुलकिडे आणि खाली वळल्या तर कोळी. मी पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर एक लिटर पाण्यात भिजवते, सकाळी गाळून त्यात किंचित साबण घालते आणि ऊन उतरल्यावर पानांच्या खालच्या बाजूने फवारते. पण पांढऱ्या माशीने आणलेला बोकड्या असेल तर त्याला औषध नाही. झाड उपटून टाकावे, माया करू नये. एका झाडावर माया केली आणि शेजारची दोन गेली.

एक गंमत सांगते. पिकलेल्या मिरच्या कमी होऊ लागल्या. मला वाटले, कोणी तोडून नेते. गच्चीला कुलूप लावावे इथपर्यंत विचार गेला. एक दिवस पाहते तर बुलबुल! आख्खी मिरची गिळून कठड्यावर बसला, शेपटी हलवली आणि उडून गेला. पक्ष्यांना तिखट लागतच नाही आणि बी त्यांच्या पोटातून धड बाहेर पडते. जनावरे खाऊ नयेत आणि पाखरांनी बी लांब न्यावे, अशी ही झाडाची सोय आहे. पुढच्या पावसाळ्यात माझ्या तुळशीच्या कुंडीत भूत मिरचीचे रोप उगवले. ज्या शेजाऱ्यांवर मी मनात संशय घेतला होता त्यांची मी मनातच क्षमा मागितली.

आता ज्यासाठी मी मुख्यतः उभी राहिले ते सांगते.

२०२२ च्या ऑक्टोबरात सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन होऊन आठच दिवस झाले होते. दिवसातून चार वेळा थेंब घालायचे काम माझ्याकडे. त्या दुपारी लिंबाच्या लोणच्यासाठी मी सहा भूत मिरच्या चिरल्या. आतला पांढरा गर बोटांनी काढला. तिखट बियांत असते असे आपण म्हणतो, पण ते खरे या गरात असते. बियांना ते नुसते लागते. मग साबणाने दोनदा हात धुतले. चार तास गेले. संध्याकाळी थेंब घालायला बसले, खालची पापणी बोटाने जराशी ओढली, आणि त्यांनी जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात आहे. डॉक्टरांनी डोळा चोळू नका, दाबू नका असे बजावले होते, आणि त्या दोन्ही हातांनी डोळ्याकडे झेपावत होत्या. मी त्यांचे हात धरून ठेवले आणि यजमानांनी रिक्षा आणली. डॉक्टरांनी डोळा बराच वेळ धुतला, तपासला. जखमेला धक्का लागला नव्हता. दोन दिवस सूज राहील म्हणाले. मी जिन्यावर येऊन बसले, तेव्हा माझे पाय लटपटत होते.

सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते. दुसऱ्या दिवशी मी थेंबांची बाटली हातात घेतली की त्या म्हणत, "असू दे, येईल तो शाळेतून." आणि माझा मुलगा आला की त्याच्यापुढे मान मागे टाकत. असे आठ दिवस चालले. वीस वर्षे ज्या बाईचे सगळे मी केले, ती माझ्या हाताला भिते आहे, हे माझ्याच्याने पाहवेना. एका रात्री त्यांनी अंथरुणातूनच विचारले, "उपटलंस का झाड?" मी म्हटले, "उद्या उपटते." तर म्हणाल्या, "कशाला? तिखट म्हणूनच लावलंस ना? त्यानं काही लपवून ठेवलं नव्हतं." नवव्या दिवशी बाटली त्यांनीच माझ्यापुढे केली. माझी बोटे आपल्या नाकाशी नेऊन हुंगली आणि मग मान मागे टाकली. त्या तिखटाला वास नसतो, हे मला तेव्हा ठाऊक झाले होते. पण मी बोलले नाही.

साबणाने हात धुऊनही असे का झाले, ते मी नंतर विचारून-वाचून घेतले. मिरचीतले तिखट तेलकट असते, ते पाण्यात विरघळत नाही. म्हणून आधी हाताला गोडे तेल चोळावे, ते फडक्याने पुसून काढावे आणि मग भांड्यांच्या साबणाने नखांपर्यंत घासावे. त्याहून बरे म्हणजे रबरी हातमोजे. दुकानात स्वस्त मिळतात. आणि तरीही, डोळ्याला किंवा तान्ह्या मुलाला हात लावण्यापूर्वी प्रत्येक बोट जिभेच्या टोकाला लावून पाहावे. जीभ खोटे बोलत नाही. तोंड पोळले तर पाणी पिऊ नये, दूध किंवा दही घ्यावे. त्यातले प्रथिन तिखट धरून घेते. डोळ्यात गेले तर मात्र दूध, तूप असले काही घालू नये. स्वच्छ पाण्याने धूत राहावे आणि डॉक्टर गाठावा. खरे पाहता मिरचीने कातडे भाजत नाही. कढत वस्तूचा चटका ओळखणारी जी नस असते, तिलाच मिरची फसवते. हे शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ज्याचा डोळा पेटला आहे त्याला हे सांगून काय उपयोग?

खाण्याचे म्हणाल तर एक किलो लिंबांच्या लोणच्याला मी आता एकच भूत मिरची घालते. ठेच्यात बारा साध्या मिरच्यांना अर्धी पुरते. आमटीत आख्खी, न चिरता सोडावी आणि दोन उकळ्यांनी काढून घ्यावी. तिला एक छान फळासारखा वास आहे, तो उतरतो. तव्यावर मात्र कधीही भाजू नये. एकदा भाजली तर असा खकाणा उठला की वरच्या मजल्यावरची माणसे खोकत खाली आली.

बी धरायचे असेल तर दोन जाती जवळ लावू नयेत. माशा एकीचे पराग दुसरीवर नेतात आणि पुढच्या वर्षी भलतेच काहीतरी उगवते. मी आता फूल उमलण्याआधी फांदीला मलमलची पिशवी बांधते आणि रोज एक टिचकी मारते. आईच्या लवंगीचे बी मला शुद्ध ठेवायचे आहे. माहेरचे परस आता राहिले नाही. तिथे भावाने खोल्या बांधल्या.

बाहेर पायऱ्यांपाशी मी रोपे आणून ठेवली आहेत. लवंगीची चोवीस आहेत, ती कोणीही न्यावी. भूत मिरचीची सहाच आहेत. ज्यांच्या घरी रांगते मूल आहे, किंवा कोणाचे डोळ्याचे ऑपरेशन व्हायचे आहे, त्यांनी ती यंदा मागू नयेत. मी देणार नाही. बाकीच्यांनी माझ्या वहीत नाव लिहून न्यावे, म्हणजे हातमोजे घेतले की नाही ते मला पुढच्या बैठकीत विचारता येईल.