कुलूप, किल्ली आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्नेहसंमेलनात चार शब्द बोलावे अशी आज्ञा चिटणिसांनी केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. शिक्षण, विवाहखर्च, वधूवरसूचन यांवर आमच्याहून अधिकारी वक्ते आपणांस लाभतात. आम्ही पडलो शाळामास्तर. रोजच्या व्यवहारातील गोष्टी मुलांस समजावून सांगण्यात आमचे आयुष्य गेले. म्हणून आज असाच एक विषय निवडला आहे : किल्ली मोटारीत राहून दारे बंद झाली असता काय करावे, आणि तशी वेळच येऊ नये म्हणून काय करावे. हे ऐकून काहींच्या मुखावर स्मित उमटलेले दिसते. परंतु आज मंडळाच्या आवारातील मोटारींची रांग ज्यांनी पाहिली असेल, त्यांस हा विषय अस्थानी वाटू नये. ज्या घरांत एके काळी सायकल ही चैन होती, त्या घरांपुढे आता मोटार उभी आहे. ही आनंदाची गोष्ट होय. पण नवी वस्तू घरात आली की तिच्याबरोबर नवे शहाणपणही आणावे लागते.

प्रथम कुलपाविषयी थोडे सांगतो. इंग्लंडात जोसेफ ब्रामा नावाच्या कारागिराने १७८४ साली एका कुलपाचे पेटंट घेतले. पुढे ते कुलूप लंडनमधील त्याच्या दुकानाच्या खिडकीत ठेवण्यात आले, आणि ते किल्लीवाचून उघडणाऱ्यास २०० गिनी बक्षीस जाहीर झाले. साठ वर्षे ते कोणास उघडले नाही. शेवटी १८५१ साली हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडले. त्यासाठी त्यास १६ दिवसांत मिळून ५१ तास खपावे लागले. त्याच शतकात अमेरिकेतील लायनस येल याने लहान खिट्ट्यांचे कुलूप प्रचारात आणले. किल्लीचे दाते त्या खिट्ट्या योग्य त्या उंचीपर्यंत उचलतात, आणि सर्व एका रेषेत आल्या म्हणजेच आतील नळकांडे फिरते. आपल्या मुंबईतही १८९७ साली अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचाच कारखाना काढून आपल्या उद्योगाचा पाया घातला. या सर्व इतिहासाचे तात्पर्य एकच आहे : कुलूप धन्यास ओळखत नाही, ते किल्लीस ओळखते. किल्ली हाती नसेल, तर धनी आणि चोर कुलपाच्या दृष्टीने सारखेच.

जुन्या मोटारींत ही पंचाईत फारशी जाचत नसे. अॅम्बॅसडर किंवा पद्मिनी गाडीच्या पुढील दारास एक लहान तिकोनी काच असे. ती सरकवून हात आत घालता येई. आताच्या मोटारीत एक कळ दाबली की सर्व दारे एकदम बंद होतात. सोय मोठी, पण एका क्षणात आपण बाहेर आणि किल्ली आत, अशी स्थितीही तितक्याच सहज होते. हे बहुधा तीन प्रकारे घडते. एक, सामान ठेवताना किल्ली डिकीत ठेवली जाते आणि झाकण लागते. दोन, दूरनियंत्रकाने कुलूप उघडले, पण कोणतेही दार उघडले नाही, तर पुष्कळ मोटारी थोड्या वेळाने आपोआप पुन्हा कुलूपबंद होतात. तीन, मूल आत बसून कळ दाबते. किल्ली आत आहे हे ओळखून दार बंद होऊ न देणाऱ्या मोटारीही निघाल्या आहेत. पण किल्लीतील बटनासारखी बॅटरी दुबळी झाली असेल, तर त्या यंत्रासही किल्ली आत असल्याचे कळत नाही.

गेल्या वैशाखात एका विवाहास आम्ही उपस्थित होतो. मंगलसूत्र, अंतरपाट व वधूची पैठणी मोटारीच्या डिकीत. घाईत किल्लीही तेथेच ठेवली गेली आणि झाकण लागले. दुसरी किल्ली घरी होती खरी, पण ती ज्या कपाटात होती, त्या कपाटाची किल्ली मोटारीतील पिशवीत! फोनही आत. दुसऱ्याचा फोन पुढे केला, तर घरातील एकाही माणसाचा क्रमांक कोणास पाठ नव्हता. मुहूर्तास सात मिनिटे उरली असता नाक्यावरील चावीवाल्याने दार उघडून दिले, म्हणून कार्य वेळेवर पार पडले. त्या वेळी वधूपित्याची जी अवस्था झाली, ती पाहून हसू येत नव्हते. अधिक वाईट वाटले ते याचे, की अर्धी मंडळी दार कसे उघडावे याऐवजी किल्ली कोणी ठेवली याचाच पंचनामा करीत होती. बिचारी धाकटी सून रडकुंडीस आली होती. दोष कोणाचा हे ठरल्याने कुलूप उघडत नाही, एवढे तरी आपण ध्यानी धरावे.

आता उपाय सांगतो. पहिला : दुसरी किल्ली कपाटाच्या तळाशी न ठेवता अशा ठिकाणी ठेवावी, की घरातील वडीलधाऱ्यांस ती ठाऊक असेल व सहज काढून देता येईल. दुसरा : नव्या किल्ल्यांत विद्युत् चिप असते, ती ओळखल्याखेरीज इंजिन चालू होत नाही. म्हणून चिपेवाचून नुसती कापलेली किल्ली गाडी चालवीत नाही. पण दारास किल्लीचे छिद्र असेल तर दार मात्र उघडते. अशी एक साधी किल्ली पतीच्या पाकिटात व एक पत्नीच्या पर्समध्ये असावी. तिसरा : दूरनियंत्रक बंद पडला तर घाबरू नये. पुष्कळ दूरनियंत्रकांच्या पोटात लोखंडी किल्ली दडवलेली असते, आणि दाराच्या मुठीवरील झाकणीखाली तिचे छिद्र असते. आपल्या मोटारीत ते कोठे आहे, हे आज घरी गेल्यावर पाहून ठेवावे. चौथा : विम्याबरोबर वाटेतील मदतीची सोय घेतली असल्यास बंद मोटार उघडून देण्याची तरतूद तीत पुष्कळदा असते, तो क्रमांक मोटारीत नव्हे, खिशात ठेवावा. पाचवा : दाराच्या फटीतून पट्टी किंवा तार घालण्याचा उद्योग स्वतः करू नये. आताच्या दारांत विजेच्या तारा व काही मोटारींत एअरबॅगची उपकरणे असतात. एक कुलूप उघडण्यासाठी दुसरे मोठे नुकसान होते. जाणता चावीवाला दाराच्या फटीत हवेची लहान पिशवी फुगवून जागा करतो आणि लांब सळईने आतील कळ दाबतो. तो मोटारीची कागदपत्रे मागील तर राग मानू नये; मागणारा चावीवाला हाच प्रामाणिक समजावा.

आणि सहावा उपाय आमच्या धंद्यातला आहे. आम्ही मुलांकडून तीसपर्यंतचे पाढे पाठ करून घेतले. आज मोठ्या माणसांसही दोन फोन क्रमांक पाठ नसावेत, ही खेदाची गोष्ट होय. येथे बसलेल्या प्रत्येकाने निदान दोन क्रमांक तोंडपाठ करावे, आणि घरातील पाच वर्षांवरील मुलांकडून ते करून घ्यावे. ही विद्या कोणत्याही डिकीत बंद होत नाही.

आता ज्यासाठी आम्ही हा विषय निवडला, ती गोष्ट सांगतो. आत किल्ली राहिली तर खोळंबा होतो. आत मूल राहिले तर जीव जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेत अमरेली जिल्ह्यात चार लहान भावंडे, आणि मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात विजयनगरम् जिल्ह्यात चार मुले, बंद मोटारीत गुदमरून दगावली. उभी मोटार दिसली की मुले खेळण्यासाठी आत शिरतात, दार लागते, आणि त्यांस ते उघडता येत नाही. अमेरिकेतील डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की उन्हातील बंद मोटारीचे तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढते, आणि त्यातील ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काच बोटभर उघडी ठेवल्याने विशेष फरक पडत नाही. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसापेक्षा किती तरी लवकर तापते. ‘पाच मिनिटांत येतो’ असे म्हणून मुलास आत ठेवून जाणाऱ्याने हे आकडे ध्यानात ठेवावे.

म्हणून आमचे सांगणे स्पष्ट आहे. मूल आत असून दार उघडत नसेल, तर चावीवाल्याची वाट पाहत बसू नये. ११२ या क्रमांकावर कोणास तरी फोन करावयास सांगावे. मूल सावध असेल व दुसरी किल्ली जवळच असेल तर ती आणावी. मूल घामाघूम, मलूल वा निपचित दिसले तर तत्काळ काच फोडावी. समोरची काच फोडू नये. ती दोन थरांची असल्याने तडकते, पण सुटत नाही. मुलापासून सर्वांत दूरची, बाजूच्या दाराची काच निवडावी, आणि तिच्या मध्यावर नव्हे तर कोपऱ्यावर अणकुचीदार वस्तूने जोराने प्रहार करावा. ती बहुधा बारीक दाण्यांसारखी फुटते. हाताभोवती कापड गुंडाळावे, मूल बाहेर काढून सावलीत न्यावे, अंग ओल्या कापडाने पुसावे, वारा घालावा आणि डॉक्टरांकडे न्यावे. काचेचा खर्च, शेजारी काय म्हणतील, यांचा विचार त्या वेळी मनास शिवू देऊ नये. काच पुन्हा बसविता येते. आणि मोटार घरी उभी असताना तिची दारे बंद व किल्ली मुलांच्या हातास न लागेल अशी ठेवणे, हा नित्यनेम करावा.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळाने विद्यार्थ्यांस वह्यापुस्तके दिली, अडल्यानडल्यास हात दिला. त्याच भावनेने आम्ही एक सूचना करतो. मंडळाच्या कार्यालयातील फलकावर जवळच्या दोन भरवशाच्या चावीवाल्यांचे क्रमांक व ११२ हा क्रमांक ठळक अक्षरांत लावावा, आणि येथे कार्य असेल त्या दिवशी आवारातील मोटारींवर लक्ष ठेवण्यास दोन तरुण स्वयंसेवक नेमावे. खर्च काहीच नाही. पण एखाद्या उन्हाळ्यात एखाद्या घराचे मोल न होणारे धन त्यामुळे वाचेल.