जावरचे जस्त

आपले सोलापूर ज्या काळ्या बेसाल्टावर वसले आहे, त्याच्या पोकळ्यांत झिओलाइटाचे स्फटिक सापडतात. परंतु घरच्या पितळी तांब्याला पिवळी झळाळी देणारे जस्त उदयपूरच्या दक्षिणेस, जावर येथील अरवलीच्या प्राचीन डोलोमाइटात, स्फॅलराइट या गंधकयुक्त खनिजाच्या रूपाने, शिशाच्या गॅलेनासमवेत साठलेले आहे. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते आणि त्याची वाफ हवा लागताच जळते; म्हणून तेथील कारागिरांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी, एका भट्टीत ३६ याप्रमाणे, उपड्या मांडून ती वाफ खालच्या थंड कक्षात उतरवली आणि धातू हस्तगत केला. इंग्लंडात चॅम्पियन नावाच्या धातुकाराने १७३८ साली जस्त गाळण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळवले, त्याच्या कित्येक शतके आधी सिद्ध झालेल्या या विद्येची नोंद आपल्या इतिहासाच्या दफ्तरात ठळक अक्षरांत असणे अगत्याचे आहे.