सामना कोणाचा, दृश्य कोणाचे?

खेळाचा सामना ही विकण्याजोगी वस्तू आहे काय, असे आपल्या आजोबांना कोणी विचारले असते, तर त्यांनी तिकीटखिडकीकडे बोट दाखविले असते. तिकिटाचा व्यवहार सरळ होता. पैसे द्यावे, आत बसावे, खेळ पाहावा. १९४३ साली मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात विजय हजारे या सांगलीच्या मराठी ख्रिस्ती खेळाडूने आपल्या संघाच्या ३८७ धावांपैकी एकट्याने ३०९ काढल्या. तो पराक्रम ब्रेबर्न मैदानात बसलेल्यांनी डोळ्यांनी पाहिला. त्या दृश्याची किंमत तिकिटापलीकडे कोणी केली नाही.

त्याआधीच, १९३४ साली, बॉबी तल्यारखान यांनी मुंबईतील चौरंगी सामन्याचे धावते वर्णन नभोवाणीवरून ऐकविले होते. मैदानाची भिंत त्या दिवशी पहिल्यांदा ओलांडली गेली. ज्याने तिकीट काढले नाही, त्यालाही सामना मिळू लागला. मग प्रश्न उभा राहिला, की भिंतीबाहेर जाणारा हा सामना कोणाचा? खेळणाऱ्याचा, भरविणाऱ्याचा, दाखविणाऱ्याचा, की पाहणाऱ्याचा?

या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि सर्वांत मोठा खटाटोप अमेरिकेत झाला, आणि तोही महाविद्यालयांच्या फुटबॉलवरून. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. त्यात चेंडू पायापेक्षा हातानेच अधिक नेतात. दूरचित्रवाणी आली तेव्हा तेथील महाविद्यालयांना भीती वाटली, की लोक घरी बसून सामना पाहतील आणि मैदाने ओस पडतील. म्हणून १९५१ पासून त्यांच्या राष्ट्रीय क्रीडासंघटनेने प्रक्षेपणाची सूत्रे आपल्या हाती घेतली. पुढे तर एका महाविद्यालयाचा संघ दोन वर्षांत सहा वेळांहून अधिक दिसता कामा नये, असा नियम झाला. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांनी त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला, की ही मक्तेदारी आहे आणि ती कायद्यात बसत नाही. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः महाविद्यालयीन फुटबॉलचे नामांकित खेळाडू होते. विद्येच्या संस्थांचा खेळ केवळ बाजाराच्या मापाने मोजू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

बांध फुटला आणि पैशाचा लोंढा आला. या फुटबॉलच्या निर्णायक सामन्यांची मालिका २०१४ च्या हंगामापासून चार संघांची होती. २०२४ पासून ती बारा संघांची झाली. तिच्या प्रक्षेपणाचा हक्क ई.एस.पी.एन. वाहिनीकडे २०३१-३२ च्या हंगामापर्यंत राहावा, असा करार मार्च २०२४ मध्ये झाला. त्याची किंमत सहा वर्षांना सुमारे ७८० कोटी डॉलर असल्याचे वृत्त आहे. आणि ज्यांच्या घामावर हा डोलारा उभा आहे, ते विद्यार्थी? या उत्पन्नातला वाटा महाविद्यालयांनी त्यांना थेट देण्याची मोकळीक ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने मिळाली. १९८४ च्या निकालापासून मोजले, तरी मधे एक्केचाळीस वर्षे गेली.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे क्रिकेटचे सामने दाखविण्याचे काम अनेक वर्षे एकट्या दूरदर्शनकडे होते. १९९३ साली बंगालच्या क्रिकेट संघटनेने आपल्या हीरक महोत्सवानिमित्त हीरो चषक स्पर्धा भरविली आणि प्रक्षेपणाचे हक्क एका परदेशी संस्थेला दिले. दूरदर्शन आणि सरकार यांनी हरकत घेतली. मुंबईत त्या संस्थेची यंत्रसामग्री सीमाशुल्क खात्याने अडवून ठेवली. तंटा कलकत्त्याच्या उच्च न्यायालयातून दिल्लीला गेला. इकडे ईडन गार्डन्सवर अनिल कुंबळे यांनी अंतिम सामन्यात १२ धावांत ६ गडी बाद केले, आणि तिकडे त्या चित्रांवर हक्क कोणाचा याची तारीख पडत होती.

९ फेब्रुवारी १९९५ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती सावंत, मोहन आणि जीवन रेड्डी यांच्या पीठाने सांगितले, की ध्वनिचित्रलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्या सरकारच्या मालकीच्या नाहीत, आणि धनिकांच्याही नाहीत. त्यांचा वापर लोकहितासाठी व्हावा आणि त्यावर स्वायत्त सार्वजनिक संस्थेचे नियंत्रण असावे. माझ्या मते या निकालाचा निम्मा भाग आपण उत्साहाने अमलात आणला. सरकारी मक्तेदारी संपली. उरलेला निम्मा, म्हणजे लोकहिताचा, मात्र मागे पडला.

अगदीच काही झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००७ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचे थेट प्रक्षेपण हक्कधारकाला प्रसारभारतीशी वाटून घ्यावे लागते. जाहिरातींच्या उत्पन्नातून दूरचित्रवाणीसाठी किमान ७५ टक्के आणि नभोवाणीसाठी किमान ५० टक्के हक्कधारकाला मिळतात. म्हणूनच केबलचे पैसे न भरणाऱ्या घरातही भारताचा सामना दिसू शकतो. परंतु २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की ही सवलत दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणापुरतीच आहे. केबलवाल्यांना ते चित्र पुढे देता येणार नाही. न्याय कायद्याच्या अक्षराला धरूनच होता. पण त्यामुळे फुकट पाहणाऱ्याचे दार थोडे अरुंद झाले, हेही खरे.

दुसऱ्या बाजूला आकडे पाहा. आय.पी.एल.चे पाच वर्षांचे हक्क २०१७ साली १६,३४७ कोटी रुपयांना गेले. २०२२ च्या लिलावात पुढील पाच वर्षांसाठी ४८,३९० कोटींना. त्या लिलावात देशातील दूरचित्रवाणीचे हक्क एका कंपनीने आणि इंटरनेटवरचे दुसरीने घेतले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या दोघींचा व्यवसायच एकत्र झाला. १९९५ साली सरकारी मक्तेदारीला भ्यायलेल्या आपल्याला खासगी मक्तेदारीचे भय वाटू नये, हे नवल आहे.

श्रोतेहो, याचा कोटरा सुल्तानाबादसारख्या वस्तीशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध आहे. येथून तात्या टोपे क्रीडांगण काही फार दूर नाही. हे भोपाळ हॉकीचे शहर. १९७५ च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्ध हरत आलेला उपांत्य सामना याच गावच्या अस्लम शेर खान यांनी बरोबरीत आणला, आणि पुढे भारताने चषक जिंकला. त्या वेळी घरोघर पडदा नव्हता. लोकांनी कान देऊन जसदेव सिंग यांचे वर्णन ऐकले. ते कोणी विकत घेतले नव्हते, म्हणून ते सर्वांचे होते. आणि ते ऐकून मुले काठ्या घेऊन मैदानात उतरत. आज मुलाला जगातला प्रत्येक मोठा सामना दिसतो, पण शेजारच्या महाविद्यालयाचा सामना कधी आहे हे त्याला ठाऊक नसते. जे विकले जात नाही ते दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते नाहीच, असे तो समजतो.

या बाबतीत अमेरिकेचा १९६१ चा एक कायदा विचार करण्याजोगा आहे. व्यावसायिक संघांना आपले हक्क एकत्र विकण्याची मुभा त्याने दिली; परंतु शाळा-महाविद्यालयांच्या हंगामात शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी, जेथे त्यांचे सामने चालू असतील त्याच्या ७५ मैलांच्या आत व्यावसायिक सामने दाखविले, तर ती मुभा मिळत नाही. बाजाराला वाट दिली, पण गावच्या मैदानाभोवती कुंपणही घातले. अतिश्रीमंत देशाला जे सुचले, ते आपल्याला सुचू नये काय?

हक्क विकू नयेत, असे माझे म्हणणे नाही. पैशाशिवाय मैदान सपाट होत नाही आणि खेळाडूचा संसारही चालत नाही. माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. सार्वजनिक लहरींवरून मिळविलेल्या या धनाचा एक ठरीव हिस्सा शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडांगणांना मिळावा. आणि आकाशवाणी-दूरदर्शनने आंतरविद्यापीठ सामन्यांना वर्षातले काही दिवस राखून ठेवावेत. आपल्या गावच्या मुलाचे नाव एकदा नभोवाणीवरून ऐकले, म्हणजे मोहल्ल्यातील दहा मुले दुसऱ्या दिवशी मैदानावर येतात. लहरी जनतेच्या आहेत, असे न्यायालयाने सांगून तीस वर्षे उलटली. त्या लहरींवर जनतेची मुलेही अधूनमधून खेळताना दिसावीत, एवढीच अपेक्षा आहे.