उत्तर तिला देऊ द्या
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषणाचा मजकूर)



२५ वर्षांपूर्वी आपण मुलुंडला या इमारतीत आलो तेव्हा मी बँकेत होतो. काउंटरवर पेन्शनर यायचे. कुणाची सही बदललेली, कुणी सकाळी पैसे काढून दुपारी पुन्हा पासबुक घेऊन हजर. आम्ही म्हणायचो, ‘वय झालं!’ निवृत्तीनंतर घरी हिचंही तसंच सुरू झालं. आमटीत दोनदा मीठ, भाजीवाल्याला पैसे दिले की नाही आठवेना. सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ सिनेमा बघताना डोळे पुसले होते मी, पण घरातलं ओळखलं नाही.

ओळखलं आमच्या फॅमिली डॉक्टरांनी. बीपीच्या गोळ्यांसाठी गेलो होतो. ते हिला विचारत होते आणि उत्तरं मी देत होतो. ते म्हणाले, ‘काका, आज तुम्ही गप्प बसा. काकूंना बोलू द्या.’ त्यांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, मग घड्याळ काढून त्यात ११ वाजून १० मिनिटं दाखवायला सांगितलं. हिनं सगळे आकडे एकाच बाजूला लिहिले. शब्द आठवला एकच. महिन्याच्या वाण्याचा हिशेब तोंडी करणारी बाई! मी सांभाळून घेतोय असं मला वाटायचं. खरं तर दोन वर्षं आजार झाकत होतो.

एवढ्यावरून निदान होत नाही. थायरॉईड, बी-१२ तपासतात. ऐकू नीट येतं का, मन उदास आहे का, चालू गोळ्यांचा परिणाम आहे का, हेही बघतात. यातलं काही निघालं तर उपचारानं फरक पडू शकतो. हिच्या बाबतीत पुढं न्यूरॉलॉजिस्टनी अल्झायमर सांगितला. पूर्ण बरं करणारं औषध नाही. पण वेळेवर कळल्यामुळे नॉमिनेशन, मृत्युपत्र हे सगळं तिच्या समजुतीनं, तिच्याच सहीनं झालं.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात साठीपुढच्या शंभरांतल्या सुमारे सात जणांना डिमेन्शिया आहे. आपल्या सोसायटीचा हिशेब आपणच करा. घरात बदल दिसला तर तारखेसह वहीत लिहा आणि ती वही डॉक्टरांना दाखवा. शेजारच्या काकू लिफ्टपाशी गोंधळलेल्या दिसल्या तर हसू नका, घरी कळवा.

ही आज पहिल्या रांगेत बसली आहे. नंतर तिच्याशी जरूर बोला, उत्तराला थोडा वेळ द्या. मी मध्ये बोलणार नाही.