शस्त्राची पारख आणि हाताची पारख
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आमच्यासारख्या निवृत्त शिक्षकाने रिव्हॉल्व्हरविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबांचा चरितार्थ सोन्याचांदीच्या व्यापारावर चालतो. माल घेऊन रात्रीबेरात्री प्रवास करावा लागतो. दुकान बंद करून घरी परततानाही जीव मुठीत असतो. त्यामुळे, ‘कमरेला दडेल असे एखादे लहानसे शस्त्र घ्यावे काय?’ हा प्रश्न वारंवार आमच्या कानी येतो. घ्यावे अथवा घेऊ नये, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. घेण्यापूर्वी परीक्षा कशी करावी, एवढेच आज निवेदन करण्याचा मानस आहे.

कसोटीवर कस लावून पाहिल्यावाचून आपण गुंजभर सोनेही घेत नाही. मात्र सोन्याच्या व्यवहारात परीक्षा धातूची होते. शस्त्राच्या व्यवहारात ती मुख्यतः घेणाऱ्याची व्हावयास हवी.

प्रथम कायद्याचा विचार करू. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून अमलात आहे. परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत तो अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे अर्जदाराने शस्त्र व काडतुसे सुरक्षितपणे हाताळण्याचे शिक्षण घेतलेले असावे लागते. त्याच नियमांत असेही सांगितले आहे की, सार्वजनिक जागी असे शस्त्र म्यानात किंवा पिशवीत, पूर्णपणे झाकलेले असावे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर पुरता ताबा असावा. म्हणजे शस्त्र झाकून नेणे ही हौस नसून कायद्याची आज्ञा आहे. ते मिरविण्यास तर मुळीच मुभा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने वरातीत आनंदाचे बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

अमेरिकेत पुष्कळ ठिकाणी नेमबाजीच्या मैदानावर निरनिराळी पिस्तुले भाड्याने मिळतात. गिऱ्हाईक दोन-चार चालवून पाहते आणि मग पसंती ठरविते. आपल्याकडे विनापरवाना मनुष्याने दुकानात जाऊन असा प्रयोग करणे शक्य नाही. म्हणून परवान्यापूर्वीचा शिक्षणवर्ग हीच आपली कसोटी समजावी. केवळ प्रमाणपत्राकरिता तेथे जाऊन येऊ नये.

लहान शस्त्र ते सोपे शस्त्र, असा सार्वत्रिक समज आहे. २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने प्रामुख्याने स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हर काढले. त्याचे वजन सुमारे ५०० ग्रॅम आणि त्या वेळची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. २०२३ मध्ये ‘प्रबल’ आले. त्याची नळी ७६ मिलिमीटर लांब, वजन ६७५ ग्रॅम. पाहणाऱ्यास वाटते, एवढीशी वस्तू, कोणीही चालवील. प्रत्यक्षात गोष्ट उलट आहे. काडतूस तेच ठेवून शस्त्र हलके केले, की हाताला बसणारा धक्का वाढतो. नेमाचेही तसेच. नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच यांत १० सेंटिमीटर अंतर असेल, तर माशी एक मिलिमीटर सरकताच १० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. हेच अंतर रायफलीत ६० सेंटिमीटर धरले, तर तेवढ्याच चुकीने गोळी दोन सेंटिमीटरही ढळत नाही. हे साधे त्रैराशिक आहे. विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावे.

आमचा एक पुतण्या सराफीच्या धंद्यात आहे. त्याने अर्ज करण्याचे मनात आणले, तेव्हा वर्गाला आम्ही त्याच्यासोबत गेलो. शिक्षकांनी प्रथम रिकामे रिव्हॉल्व्हर त्याच्या हाती दिले. मूठ इतकी आखूड की करंगळीला जागाच उरेना. चाप लांबवर ओढावा लागे आणि ओढताना नळीचे तोंड दर वेळी खाली झुके. नंतर देखरेखीखाली त्याने सहा गोळ्या झाडल्या. दोन कागदाला लागल्या. तेथे उजेड होता, लक्ष्य स्थिर होते आणि पाठीशी धीर देणारे शिक्षक होते. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले, त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव होता. मग अंधाऱ्या बसथांब्यावर, झटापटीत, वर्षातून एकदाही हात न फिरविलेल्या मनुष्याकडून आपण काय अपेक्षा करावी?

दुसरी परीक्षा आम्हीच सुचविली. दुकानातील वजने घेऊन ६७५ ग्रॅमची पुरचुंडी करावी आणि आठ दिवस कमरेला बांधून नित्याचे व्यवहार करावेत. ती त्याने केली. गादीवर मांडी घालून बसताना पुरचुंडी टोचे. वाकताना सदरा वर जाऊन ती गिऱ्हाइकाला दिसे. प्रवासात डोळा लागला की तिचा विसर पडे. आणि घरी पाऊल टाकताच चार वर्षांची कन्या धावत येऊन कमरेलाच मिठी मारी. पुतण्या म्हणाला, “काका, चोराचा हात कमरेपर्यंत येईल न येईल, हिचा हात मात्र रोज येतो.”

तिसरी परीक्षा मनाची. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण तो अमर्याद नाही. संरक्षणापुरती आवश्यक तेवढीच इजा करता येते. पळणाऱ्या चोरावर रागाने गोळी झाडणे यात बसत नाही. संपत्तीसाठी आपण मनुष्यावर गोळी झाडू काय, आणि झाडल्यानंतरचे आयुष्य सोसू काय, याचे उत्तर घरातील माणसांसमवेत शांतपणे द्यावे. गृहिणीचे मत यात अवश्य घ्यावे. शस्त्र कुलपात ठेवण्याची जबाबदारी पुष्कळदा तिच्यावरच येते.

आमच्या पुतण्याने अर्ज केला नाही. मालाचा विमा उतरविला, प्रवासाच्या ठराविक वेळा मोडल्या आणि एकट्याने जाणे सोडले. दुसरा एखादा ज्ञातिबंधु याच परीक्षांतून उतरून शस्त्र घेईल, नियमाने सराव करील आणि ते जबाबदारीने सांभाळील. तोही आमच्या दृष्टीने तितकाच शहाणा. न तपासता घेणारा मात्र स्वतःबरोबर घराला आणि शेजाऱ्यालाही धोक्यात घालतो.

मंडळास आमची एक विनंती आहे. ज्यांचा अर्ज करण्याचा विचार असेल, त्यांच्यासाठी जाणत्या शिक्षकांचे एक व्याख्यान मंडळाने दरवर्षी ठेवावे आणि त्यास त्यांच्या घरच्या मंडळींनाही बोलवावे.